फायब्रोमायल्जिया आणि सकाळचं आखडलेलं अंग: अमळनेरकडच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

अमळनेर तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंचा प्रश्न आहे. वय 41. दोन वर्षांपासून सगळं अंग दुखतं, नाशिकच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया असं निदान केलं आहे. दिवस कसाबसा निघतो, पण सकाळी उठल्यावर तास-दीड तास अंग इतकं आखडलेलं असतं की मूठ वळत नाही, मान फिरत नाही, जिना उतरताना भिंत धरावी लागते. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हा संधिवात तर नाही ना, सकाळीच असं का होतं, आणि गोळ्यांशिवाय काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. शेवटी एक ओळ आहे: "घरात सगळ्यांना वाटतं की कामाच्या वेळेला मी निमित्त करते."

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उपाय त्यावर अवलंबून आहेत. हे निमित्त नाही. मी जळगावात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि अशी सकाळ सांगणाऱ्या बायका माझ्या ओपीडीत नेहमी असतात. रावेर-यावलकडून केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या, चोपड्याकडून कापूस वेचणाऱ्या, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या, शाळेतल्या बाई. "डॉक्टर, सकायले आंग लाकूडना गत व्हई जास," हे एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. पुरुषांनाही हा आजार होतो. ते संख्येने कमी असतात आणि दवाखान्यात येतात ते फार उशिरा.

घरच्यांना संशय का येतो, तेही मला कळतं. सकाळी सहा वाजता जिला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, ती अकरा वाजता अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना दिसते. बघणाऱ्याला वाटतं, आता कसं जमलं? पण हा आजार दिवसभर एकसारखा नसतोच. सकाळी सगळ्यात वाईट, दहा-अकरानंतर त्यातल्या त्यात बरं, संध्याकाळी पुन्हा थकवा, अशी त्याची चाल जगभरच्या रुग्णांत दिसते. 1991 साली अमेरिकेत या आजाराचा त्रास मोजायला जी प्रश्नावली तयार झाली, तिच्यात वेदना, थकवा यांच्याबरोबर आखडलेपणाला आणि सकाळी उठताना किती ताजंतवानं वाटतं याला स्वतंत्र प्रश्न दिलेले आहेत. हा आजाराचा मान्य भाग आहे. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

आता संधिवाताचं. ही भीती रास्त आहे, कारण आमवातातही, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवातातही, सकाळीच आखडतं. फरक कुठे बघायचा ते सांगतो. दोन्ही हातांच्या मुठी वळा, वळतील तेवढ्या, आणि उजेडात मुठीच्या वरच्या बाजूला बघा. बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे दिसतात आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये खळगा असतो. आमवातात हे खळगे भरून येतात, तिथे दाबलं तर मऊ, फुगीर लागतं, हात थोडा गरमही वाटतो. अंगठी, बांगडी खरोखर चढेनाशी होते. फायब्रोमायल्जियात रुग्णाला बोटं सुजल्यासारखी वाटतात, अगदी शपथेवर सांगतात, पण खळगे जागच्या जागी असतात. आणि दुखणं सांध्यापुरतं नसतं. मी दंड दाबला, पोटरी दाबली, खांद्याच्या वरचा मांसल भाग दाबला, तरी तितकंच दुखतं.

घड्याळावरून निदान करता येत नाही, हे मुद्दाम सांगतो. झिजेच्या गुडघेदुखीत सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, हे खरं. उपचार न झालेल्या आमवातात तो तासापेक्षा जास्त टिकतो, हेही खरं. म्हणून 1987 च्या आमवाताच्या निकषांत 'किमान एक तास सकाळचा आखडलेपणा' ही एक अट होती. 2010 च्या निकषांत ती राहिली नाही. फायब्रोमायल्जियातही तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे तुमचा दीड तास ऐकून कुणी थेट "हा आमवातच" म्हणालं तर त्याला हात बघायला सांगा.

रिपोर्टबद्दलही थोडं. ईएसआर आणि सीआरपी या दोन तपासण्या अंगात दाह आहे का ते सांगतात. फायब्रोमायल्जियात त्या नॉर्मल असतात, कारण सांध्यात दाह नसतोच. आमवातासाठी रक्तात बघतात त्या 'आरए फॅक्टर'चा मात्र आपल्याकडे फार धसका आहे. पूर्ण निरोगी माणसांतही साधारण शंभरातल्या पाच जणांत तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि वय वाढलं की हे प्रमाण आणखी वाढतं. सांधे सुजलेले नसताना केवळ त्या एका कागदावर वर्षानुवर्षं आमवाताच्या गोळ्या खाणारी माणसं मी पाहिली आहेत. उलट बाजूही आहे. आमवात असलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला सोबत फायब्रोमायल्जियाही असतो. सांध्यांची सूज उतरते, रक्त सुधारतं, तरी सकाळ वाईटच राहते. अशा वेळी आमवाताचं औषध वाढवत नेऊन उपयोग होत नाही.

तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणता, त्यात थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आहे का, ते एकदा पाहा. थायरॉइड कमी पडलं की अंग आखडतं, जड होतं. ड जीवनसत्त्व फार कमी असलं की हाडं मऊ पडतात आणि कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात. भरउन्हाच्या खानदेशातही डोक्यावरून पदर आणि पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून वावरणाऱ्या किंवा दिवसभर घरात राहणाऱ्या बायकांत ही कमतरता खूप सापडते. ती भरून निघाली की काही जणींचं दुखणं निम्म्यावर येतं. बाकीच्यांना फरक पडत नाही, आणि तेव्हा त्याच इंजेक्शनांचा मारा चालू ठेवण्यात अर्थ नाही. या जीवनसत्त्वाचा अतिरेकही अपाय करतो.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. चिकुनगुनियाचा ताप येऊन गेल्यावर काही जणांचे घोटे, मनगटं, बोटं महिनोन्‌महिने सकाळी आखडतात. तिथे आधी तापाचा इतिहास असतो आणि सूज दिसते. दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. नंदुरबार, धुळ्याचा सातपुड्याकडचा पट्टा, चोपडा-यावलचे आदिवासी पाडे, या भागात सिकलसेल नवा नाही. तिथल्या तरुण मुलाला किंवा मुलीला अधूनमधून हाडं फोडून काढणारी वेदना येत असेल, डोळे पिवळे होत असतील, तर फायब्रोमायल्जियाचं नाव काढण्याआधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. 2023 च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. ताई, तुम्ही अंगणवाडीत काम करता, म्हणून हे तुमच्या कानावर घालून ठेवतो.

दुसरा प्रश्न: सकाळीच का?

निरोगी माणूस रात्री गाढ झोपेत जातो तेव्हा मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. शरीराची डागडुजी आणि वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव याच झोपेत होतो. फायब्रोमायल्जियाच्या अनेक रुग्णांत या संथ लहरींच्या मध्येच जागेपणाच्या वेगवान लहरी घुसतात. माणूस आठ तास अंथरुणात असतो, घोरतोही, पण मेंदू पूर्ण झोपलेला नसतो. टोरांटोच्या मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यांनी पुढे जाऊन निरोगी तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवलं आणि गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली, पूर्ण जाग येणार नाही इतपतच. काही रात्रींत त्या धडधाकट मुलांचं सकाळी अंग दुखायला लागलं, स्नायू दाबले की कळ यायला लागली. स्वप्नांची झोप मोडून पाहिली तेव्हा तसं झालं नाही. झोप पुन्हा नीट मिळाल्यावर ती मुलं बरी झाली.

तुमच्या बाबतीत त्यात भर पडते ती मज्जासंस्थेची. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेत वाढवले जातात आणि मेंदूकडून खाली येणारा आवर कमी पडतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सबस्टन्स पी नावाचा वेदनेचा निरोप्या या रुग्णांत निरोगी माणसांच्या जवळपास तिप्पट सापडला आहे. म्हणजे स्नायूंवर रात्रभर एकाच कुशीवर पडून जो ताण येतो, जो तुमच्या यजमानांनाही येतो आणि एका आळोख्यात जातो, तोच तुम्हाला आखडून टाकतो. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, बाहेर थंडी असते, कित्येक तास हालचाल नसते. हे सगळं एकाच वेळी जमून येतं ते सकाळी. दिवसाही तुम्ही अर्धा-पाऊण तास जमिनीवर मांडी घालून रजिस्टर भरलंत की उठताना तसंच आखडतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण तेच आहे. फक्त तिथे रात्र नसते म्हणून ते लवकर सुटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सकाळचा आखडलेपणा सकाळी उठून मोडायला गेलं तर अर्धंच काम होतं. त्याचा उपचार आदल्या रात्री सुरू होतो, आणि काही अंशी आदल्या दुपारी.

आधी रात्र. तुमची झोप नक्की कोण मोडतं, याचा शोध घ्या. माझ्या शेतकरी घरातल्या रुग्णांना मी पहिला प्रश्न विचारतो तो शेताच्या विजेचा. थ्री-फेज रात्री असली की मालक बारा-एकला मोटार चालू करायला जातो, दार वाजतं, कुत्री भुंकतात, बाई तो परत येईपर्यंत जागी. आठवडाआड हे होत असेल तर कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. घरातल्या एकाने बाहेरच्या खोलीत झोपायचं, एवढ्या साध्या व्यवस्थेने फरक पडलेली घरं मला माहीत आहेत. नळाला पाणी तीन-चार दिवसांनी आणि तेही अवेळी येत असेल, तर ती जागरणाची पाळी घरात वाटून घ्या, दर वेळी तुम्हीच उठू नका. आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपची माहिती रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर भरत असाल तर ते काम संध्याकाळच्या चहाआधी उरकून टाका. तो चहा शेवटचा ठेवा. पाचनंतर चहा नको.

मिसरीचं बोलायला बायका लाजतात, पण मला बोलावंच लागतं. मिसरीत तंबाखू असते, तंबाखूत निकोटिन असतं, आणि निकोटिन झोप उथळ करतं. रात्री झोपताना आणि पहाटे उठल्या उठल्या मिसरी लावण्याची सवय असेल तर निदान रात्रीची आधी सोडा, मग सकाळची.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, कूलरशिवाय झोप अशक्य. पण कूलरचा झोत थेट मानेवर, खांद्यावर नको आणि पहाटे तीन-चारनंतर तो बंद व्हायला हवा. टायमर नसेल तर ज्याला पहाटे जाग येते त्याला सांगून ठेवा. गच्चीवर झोपत असाल तर पहाटेच्या गारव्यासाठी चादर उशाशीच हवी, खाली जाऊन आणायची नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याला पारा दहाच्या खाली उतरतो. त्या दिवसांत पायमोजे आणि स्वेटर अंथरुणातच ठेवा, गोधडीतून बाहेर येण्याआधी ते अंगावर चढले पाहिजेत. झोळ पडलेल्या बाजेवर झोपू नका, कंबर रात्रभर वाकलेली राहते. नवाराची पट्टी आवळून घ्या किंवा सरळ जमिनीवर गादी घाला. महागडी गादी घ्यायची गरज नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते विचारायचे राहून जातात. एक, तुम्ही मोठ्याने घोरता का आणि मध्ये श्वास अडकल्यासारखा होतो का. हे घरच्यांना विचारा. असं असेल तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. झोपेची गोळी त्यात उलट धोक्याची. दुसरं, रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं असं होतं का. त्यामागे बऱ्याचदा लोह कमी असतं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तपासून घ्यावं.

आता सकाळ. तुम्हाला साडेपाचला उभं राहायचं असेल तर गजर पाचचा लावा. हा अर्धा तास काढणं तुम्हाला चैन वाटेल, सासूबाईंनाही वाटेल. औषध म्हणून काढा.

जाग आली की लगेच उठायचं नाही. गोधडी अंगावरच राहू द्या. पाठीवर झोपून आधी फक्त घोटे, पंजे वर, पंजे खाली, आठ-दहा वेळा, मग गोल. मग टाच गादीवरून घसरवत एक गुडघा जवळ घ्या, सोडा, मग दुसरा. दोन्ही गुडघे वाकवून उभे करा आणि दोन्ही मिळून आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. जमिनीला टेकवायचा हट्ट नको, कंबर जिथे थांब म्हणेल तिथून परत. हाताच्या मुठी उघडा, मिटा. मूठ पूर्ण वळत नाही म्हणालात, तर अर्धी वळू द्या, पाचव्या-सहाव्या वेळी ती आपोआप जास्त वळते. कोपर वाकवा, खांदे कानाकडे उचला आणि सोडून द्या. मान उशीवर ठेवूनच हळू इकडे, तिकडे. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. झटका नाही, कळ निघेपर्यंत ताणणं नाही. मोठे ताण सकाळी या वेळेला घ्यायचेच नाहीत, ते संध्याकाळी अंग मोकळं असताना घ्यायचे. सूर्यनमस्कार चांगले आहेत, पण आखडलेल्या अंगाने पहाटे पाचला घातलेले बारा सूर्यनमस्कार तुमचा पुढचा दिवस खाऊन टाकतील.

उठताना सरळ पाठीतून उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, कोपराने रेटा देऊन बसा. काठावर मिनिटभर बसून मग उभ्या राहा. रात्रीच्या काही गोळ्यांनी सकाळी चक्कर येते, तिच्यासाठीही हे बरं.

मग गरम पाणी, आणि ते लवकर. आपल्याकडे बहुतेक बायका झाडलोट, पाणी, डबे, सगळं उरकून शेवटी आंघोळीला जातात. या आजारात आंघोळ आधी. बंबातलं पहिलं पाणी तुमचं. मान, खांदे, पाठीवर दहा मिनिटं सोसवेल इतकं गरम पाणी घ्या, आणि पाणी अंगावर असतानाच मान, खांदे हळू फिरवा. मधुमेह असून पायाला मुंग्या-बधिरता असलेल्यांनी मात्र पाण्याचा अंदाज दुसऱ्याकडून घ्यावा, नाहीतर भाजतं. ज्या घरात सकाळी आंघोळ शक्यच नाही तिथे गरम पाण्याची पिशवी मानेखाली आणि कंबरेखाली दहा-दहा मिनिटं.

त्यानंतरचा पहिला अर्धा तास हलक्या कामाचा. चहा, मुलांचे डबे, देवाची भांडी. हंडा, कळशी, कणकेचा मोठा गोळा, वाकून झाडू, हे सगळं तासाभराने. पाणी त्याच वेळी भरणं भाग असेल तर बादली अर्धी भरा आणि खेपा वाढवा. भाकरी थापायला ओट्याशी उभ्या राहा. चुलीपुढे पाटावर बसून थापल्या तर उठताना पुन्हा तोच प्रसंग.

व्यायामाबद्दल मी जरा जोर देऊन लिहितो. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये या आजाराच्या उपचारांचा आढावा घेतला, त्यात ठाम शिफारस मिळालेला उपाय एकच होता: व्यायाम. गोळ्यांना त्यांनी याहून सौम्य शिफारस दिली. पण हाच व्यायाम चुकीच्या पद्धतीने केला की रुग्ण दोन दिवस अंथरुणाला खिळतो आणि कायमचा सोडून देतो. "मी दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला," असंही मला रोज ऐकावं लागतं. राबण्यात तेच स्नायू, तीच वाकलेली कंबर, आणि दम लागेल अशी चाल मात्र नाही. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सात मिनिटं चाला, बस. सपाट रस्त्यावर, बोलता येईल अशा वेगाने, संध्याकाळी. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर. पुढच्या आठवड्यात मिनिटभर वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेपणा नेहमीपेक्षा जास्त झाला तर वाढवू नका, पण बंदही करू नका, तिथेच थांबा. दोन-तीन महिन्यांत अर्ध्या तासापर्यंत पोचलात तर उत्तम. मग आठवड्यातून दोनदा हलकं वजन, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटलीसुद्धा चालेल. ज्यांना संथ हालचालींचा व्यायाम जमतो त्यांच्यासाठी ताई-ची हा चिनी प्रकार 2010 आणि 2018 च्या अमेरिकेतल्या अभ्यासांत उपयोगी ठरला आहे. आपल्याकडे तो शिकवणारं कुणी जवळ नसेल तर सौम्य योगासनं संध्याकाळी करा. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात.

आणि कामाची वाटणी. कानबाईचा सण आला की रोट, स्वयंपाक, रात्रीचं जागरण, दुसऱ्या दिवशी विसर्जन. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पापड, कुरडया, शेवया. कापसाच्या वेचणीत तर आठवडेच्या आठवडे. बरं वाटणाऱ्या एका दिवशी बायका चार दिवसांचं काम ओढून काढतात आणि पुढचे चार दिवस सकाळी उठवत नाही. कानबाईला जाऊ नका असं मी कुणालाही सांगत नाही. जागरण करायचं असेल तर त्या दिवशी दुपारी झोप काढा, रोटाचं पीठ दुसरी कुणीतरी मळेल असं आधी ठरवा, आणि विसर्जनाचा दुसरा दिवस मोकळा ठेवा. पापड लाटताना दर वीस मिनिटांनी उठून अंगणात एक चक्कर. अंगणवाडीतही तेच. जमिनीवर सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका, लिहायला खुर्ची-टेबल मागून घ्या.

औषधांचं थोडक्यात. अमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त औषध अगदी छोट्या मात्रेत झोप गाढ करायला आणि सकाळचा आखडलेपणा कमी करायला मदत करतं. ते अंथरुणाला पाठ टेकताना घेतलं की सकाळी गुंगी राहते, म्हणून झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यायचं. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन आणि मिलनॅसिप्रान या तीन औषधांना अमेरिकेत 2007, 2008 आणि 2009 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, ती आपल्याकडेही मिळतात. प्रीगॅबालिनने काहींचं वजन वाढतं, पाय सुजतात. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं. कुठलंही अचानक बंद करायचं नाही. या औषधांनी मोठा आराम पडतो तो थोड्याच रुग्णांना, बऱ्याच जणांना थोडा, काहींना अजिबात नाही. दोन-तीन महिने नीट घेऊन उपयोग नसेल तर डॉक्टरांशी बोलून कमी करत थांबवावं. आयुष्यभर घ्यायलाच हवीत असं नाही.

साध्या वेदनाशामक गोळ्या या आजारात फार उपयोगाच्या नाहीत, कारण सांध्यात दाह नाही. रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास. आणि स्टिरॉइड तर नकोच. गावोगावी 'वाताची पुडी' म्हणून ज्या भुकट्या, पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. खाल्ल्यावर चार दिवस अंग हलकं वाटतं, भूक लागते, माणूस दहा जणांना पत्ता सांगतो. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. तुम्ही अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर तीही एकदम बंद करू नका, जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. अशक्तपणाची सलाईन लावून घेण्यातही या आजारात काही हाती लागत नाही, पैसे तेवढे जातात.

काही लक्षणं दिसली तर मात्र 'माझा फायब्रोमायल्जियाच आहे' म्हणून घरी बसू नका. सांध्याला दिसणारी सूज, ताप, वजन उतरणं, डोळा लाल होऊन दुखणं, त्वचेवर चट्टे. उकिडवं बसल्यावर दुखतं म्हणून नव्हे तर ताकदच नाही म्हणून उठता न येणं. लघवी-संडासवरचा ताबा जाणं. घरातल्या तरुण मुलाची कंबर पहाटे दुखून झोपमोड होत असेल आणि चालल्यावर बरी वाटत असेल, तर तो मणक्याचा वेगळा संधिवात असू शकतो, आणि त्याचा उपचार जितका लवकर तितका बरा. पन्नाशीनंतर खांदे आणि मांड्या अचानक सकाळी आखडू लागल्या आणि ईएसआर खूप वाढलेला असेल तर तोही वेगळा आजार आहे. त्याच्या जोडीला कानशिलात दुखणं, घास चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक होणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

ताई, पुढच्या भेटीच्या आधी दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा. किती वाजता पाठ टेकली, रात्री किती वेळा आणि कशाने जाग आली, सकाळी अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, आणि आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त काय काम झालं. दोन ओळींच्या वर लिहू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही सुटेल. ती वही तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि जमलं तर यजमानांना सोबत घेऊन जा. त्यांच्या समोर डॉक्टरांनी हात तपासू दे, दंड दाबून दाखवू दे, आणि आजाराचं नाव डॉक्टरांच्याच तोंडून यजमानांना ऐकू दे.